बायप्लेनच्या तारा कशाच्या ओढायच्या? बेळगावच्या हवेत टिकणारं रिगिंग

माझं पहिलं टायगर मॉथ, म्हणजे त्या जुन्या बायप्लेनचं (एकावर एक दोन पंखांच्या विमानाचं) प्लॅस्टिकचं मॉडेल, मी एप्रिलमध्ये केलं. १/७२ स्केलचं, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. पंखांमधल्या तारांसाठी, म्हणजे रिगिंगसाठी, मासे धरायचा बारीक नायलॉन घेतला, छान ताणून चिकटवला, तार छेडली तर टणटण वाजायची. मृग लागला, खानापूरकडून पाऊस चढत आला आणि जुलैत बघतो तर सगळ्या तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या खाली आलेल्या. मी शहाणपणा करून त्या कापल्या आणि पुन्हा घट्ट ओढल्या. जानेवारीच्या कोरड्या थंडीत नायलॉन आखडला आणि वरच्या पंखाची दोन्ही टोकं खाली वाकली.

नायलॉन हवेतला ओलावा पितो आणि लांब होतो, कोरड्यात परत आखडतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वर्षाचे चार महिने घरातली बिस्किटंसुद्धा मऊ पडतात, तिथे ही गोष्ट साधी राहत नाही. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख. कुठली तार खऱ्यासारखी दिसते एवढंच बघून भागत नाही. ती इथल्या पावसाळ्यात काय करते तेही बघायला लागतं.

आधी तारा कशासाठी आहेत ते बघा

जुन्या बायप्लेनचे पंख पातळ, लाकडाचे आणि कापडाचे. वरचा पंख, खालचा पंख आणि मधले उभे टेकू, म्हणजे स्ट्रट, यांना तारांनी आडवं-तिडवं बांधलं की सगळं मिळून एका पुलासारखं कडक होतं. हवेत असताना पंख वर उचलले जातात, तो भार फ्लाइंग वायर घेतात: खाली धडाजवळून सुरू होऊन वर बाहेरच्या स्ट्रटकडे जाणाऱ्या. जमिनीवर उभं असताना पंखांचं वजन लँडिंग वायर धरतात, त्या उलट तिरक्या. शिवाय पुढच्या-मागच्या स्ट्रटमधली फुली, चाकांच्या पायांमधली फुली आणि शेपटीकडे जाणाऱ्या कंट्रोलच्या तारा.

यातून कामाची गोष्ट एकच निघते. तार फक्त ओढते, ढकलत नाही. म्हणून खऱ्या विमानात ती कायम सरळ असते. मॉडेलवर जाडीची थोडी चूक खपते, रंगाचीही खपते, पण झोळ पडलेली एक तार खोलीच्या दारातून दिसते.

दुसरा फरक देशांचा. ब्रिटिश विमानांवर पहिल्या महायुद्धाच्या काळातच चपट्या तारा आल्या. भिंगाच्या कडेसारखा आकार, धार वाऱ्याकडे. रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत तयार झाल्या म्हणून त्यांना रॅफ वायर म्हणतात. गोल तार वाऱ्याला फार अडवते, ही चपटी कितीतरी कमी. भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय जुलै १९१८ मध्ये ज्या एसई५ए या ब्रिटिश विमानावर लढले, त्यावर अशाच तारा. टायगर मॉथवरही चपट्याच. त्या काळच्या जर्मन विमानांवर मात्र पिळाची गोल केबल आणि ती ताणायला टर्नबकल, म्हणजे फिरवून घट्ट करायचा स्क्रू. १/७२ मध्ये हा फरक विसरून जा, डोळ्याला दिसत नाही. १/३२ मध्ये दिसतो.

पहिलंच विमान असेल तर माझं ऐका आणि फोकर डीआर-१ घ्या. तीन पंख बघून घाबरू नका. त्याचे पंख आतूनच मजबूत असल्यामुळे पंखांच्या मधे फ्लाइंग वायरींचं जाळंच नाही. धडावरच्या स्ट्रटमध्ये आणि चाकांच्या पायांमध्ये थोड्या फुल्या, आणि कंट्रोलच्या तारा. एका संध्याकाळचं काम. त्यानंतर टायगर मॉथ. आपल्या वायुदलाचं पहिलं विमान, १९३३ साली कराचीत नंबर १ स्क्वाड्रनला मिळालेलं वेस्टलँड वापिटी, करायची हौस कुणालाही येईल, मलाही आहे. पण त्याला प्रत्येक बाजूला स्ट्रटच्या दोन रांगा आहेत आणि तारा मोजताना बोटं कमी पडतात. ते चौथं-पाचवं ठेवा.

मग भागाकार करा

खरी तार ४ ते ६ मिलिमीटरची धरा आणि स्केलने भागा. ६ मिलिमीटरची तार १/७२ मध्ये ०.०८ मिलिमीटर होते, १/४८ मध्ये ०.१२५ आणि १/३२ मध्ये ०.१९. ४ मिलिमीटरची धरली तर याच क्रमाने ०.०५५, ०.०८ आणि ०.१२५. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या मधे असतो. म्हणजे १/७२ च्या विमानाची तार तुमच्या केसाएवढी! शिवणाचा दोरा याच्या तिप्पट तरी जाड असतो. त्यामुळे दोऱ्याने बांधलेलं विमान बाजल्यासारखं दिसतं, आणि नवी माणसं नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

आकडा दोन मापांच्या मधे आला तर बारीक घ्या. बारीक तारेला कुणी नावं ठेवत नाही. जाड तार अख्खं विमान खेळणं करून टाकते, त्यापेक्षा तार नसलेली बरी.

मोजायला मायक्रोमीटर हवाच असं नाही. तार टूथपिकवर एकाला एक लागून वीस वेढे घ्या, वेढ्यांची रुंदी पट्टीने मोजा, वीसने भागा. बेळगावात खरं तर तेवढीही गरज नाही. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला असलेला एखादा भाऊ, मामा, शेजारी प्रत्येकाला असतो आणि त्याच्या टेबलावर मायक्रोमीटर असतोच. पुढे येणाऱ्या लवचिक धाग्याला मात्र ही दोन्ही मापं लावू नका, दाबला की चपटा होतो.

आता सामान: काय घ्यायचं, काय सोडायचं

*किटचीच काडी.* ज्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर किटचे भाग लागलेले असतात तो स्प्रू. फुकट आहे, पॉलिस्टायरीन आहे आणि ओलावा पीत नाही. मेणबत्ती लावा, काडी दोन्ही हातांत धरून ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, गोल फिरवत राहा. मधला भाग चकाकतो, मऊ होऊन लवतो. ज्योतीपासून बाजूला घ्या, एक श्वास थांबा आणि ओढा. हळू ओढली तर जाड, झटकन ओढली तर केसासारखी. पहिल्या दहा काड्या वाया जातात, तुटतात, एखादी पेट घेते. खिडकी उघडी ठेवा, त्या धुराचा वास चांगला नाही. ओढलेल्या तारेची दोन्ही टोकं टाकून द्या, मधला सरळ भाग ठेवा आणि जाडीप्रमाणे जुन्या लग्नपत्रिकेवर चिकटपट्टीने लावून ठेवा.

लावताना कंपासपेटीतला डिव्हायडर घ्या. दोन बिंदूंमधलं अंतर घ्या, तेवढी तार नव्या ब्लेडने कापा, दोन्ही टोकांना टाचणीच्या टोकाएवढा फेविकॉल लावा आणि चिमट्याने बसवा. मॉडेलचा पातळ सिमेंट इथे लावू नका, एवढ्या बारीक प्लॅस्टिकला तो खाऊन टाकतो.

आणि मग देवघरातली उदबत्ती. फेविकॉल रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी पेटती उदबत्ती, ज्योत विझवून नुसता निखारा ठेवून, तारेच्या जवळून एकदा फिरवा. ताणून ठेवलेलं प्लॅस्टिक उष्णतेने आखडतं आणि सैल तार डोळ्यांदेखत सरळ होते. हे पहिल्यांदा बघताना जी मजा येते ती सांगून कळायची नाही. मात्र निखारा जास्त जवळ गेला तर तार तुटते, म्हणून आधी दोन भंगार काड्यांच्या मधे तार लावून तिथे हात बसवा. राख विमानावर पडू नये म्हणून उदबत्ती बाजूने न्या, वरून नको.

स्प्रूचा दोष एकच, ठिसूळपणा. पुसायला गेलात, तुटली. घरात लहान मूल असेल आणि विमान उघड्या फळीवर राहणार असेल तर पुढचं वाचा.

*तांब्याची तार.* माझ्या मते आपल्या भागात नव्या माणसासाठी सगळ्यात सोयीचा माल हाच. विजेच्या दुकानात अजूनही २३/७६ ची वायर म्हणून मागतात. त्या नावाचा अर्थ फार जणांना माहीत नसतो: आत तेवीस तारा, प्रत्येक ०.००७६ इंचाची, म्हणजे ०.१९ मिलिमीटर. वर काढलेल्या हिशोबात १/३२ ला नेमकी हीच जाडी बसते. एक मीटर वायर घेतली, सोलली की तेवीस मीटर रिगिंग हातात.

यापेक्षा बारीक हवी असेल तर मोटर वाइंडिंगवाल्याकडे जा. पंपाच्या मोटरी भरणारी दुकानं गावोगावी आहेत, शेती आहे तिथे वाइंडिंगवाला आहे. पंपाच्या मोटरीची तार जाड असते, ती नको. लहान ट्रान्सफॉर्मर, कॉइल, घड्याळं करणाऱ्यांकडे बारीक रीळ असतं. माप एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं ब्रिटिश गेज) नंबरात चालतं आणि नंबर वाढला की तार बारीक होते, हे लक्षात ठेवा. ३६ नंबर ०.१९ मिलिमीटर, ४० नंबर ०.१२, ४२ नंबर ०.१०, ४४ नंबर ०.०८. वरचा लाखेसारखा थर धरला तर किंचित जास्त. 'तार' म्हणा नाहीतर कानडीत 'तंती' म्हणा, दोन्ही चालतं. माल किलोवर विकला जातो, त्यामुळे संवाद असा होतो:

"किती पायजे? पाव किलो?"

"दोन मीटर, मामा."

"दोन मीटर?" मामा वर बघतात. "काय करतासा?"

विमान म्हणून सांगितलं तर बहुतेक वेळा फुकट मिळते. संपत आलेल्या रिळावरची शेवटची तार त्यांच्याही कामाची नसते.

रिळावरची तार वाकडी असते. एक टोक पक्कडीत, दुसरं दुसऱ्या पक्कडीत धरा आणि सावकाश ओढा. एका क्षणी तार हातात किंचित 'सुटल्यासारखी' वाटते, तिथे थांबा. ती आता सरळही झाली आणि थोडी कडकही. उरलेला बाक फरशीच्या दोन गुळगुळीत तुकड्यांमधे लाटून काढा. डिव्हायडरने माप घ्या, कापा, दोन्ही टोकांच्या उथळ भोकात बसवा. ही तार पंखाला ओढत नाही, नुसती काठीसारखी उभी असते, त्यामुळे पंख वाकायचा प्रश्नच नाही. पावसाचा तिच्यावर काही परिणाम नाही. १/३२ वर चपटी रॅफ वायर हवी असेल तर हीच तार काचेवर ठेवून कडक स्टीलच्या गोल दांड्याने दाबून लाटा.

दोष? बोट लागलं की वाकते आणि आपणहून सरळ होत नाही. आणि तांबूस रंग. लावायच्या आधीच गडद राखाडीत थोडा चंदेरी मिसळून रंगवा. चकचकीत चांदी करू नका, खऱ्या विमानाच्या तारा लांबून काळपटच दिसतात.

*लवचिक धागा.* लायक्रा, म्हणजेच स्पॅन्डेक्स. मॉडेलवाल्यांसाठी काळ्या रंगात रिळांवर मिळतो, आपल्याकडे ऑनलाइनच मागवावा लागतो आणि एवढ्याशा रिळाची किंमत बघून पहिल्यांदा घाम फुटतो. रीळ मात्र कित्येक विमानांना पुरतं. माप डेनियरमध्ये असतं: ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. १/७२ ला २० किंवा ४० घ्या, १/४८ ला ४० किंवा ७०. कापडाच्या धंद्यात हाच धागा पांढरा, कोनवर मिळतो. इचलकरंजीकडे कुणाची ओळख असेल तर हाताच्या वेढ्याएवढा मागून आणा आणि काळ्या परमनंट मार्करच्या टोकातून ओढून रंगवा.

याचा गुण म्हणजे माफ करतो. बोट लागलं, ब्रश लागला, वाकतो आणि परत सरळ. पावसाळ्यात नायलॉनसारखी झोळी पडत नाही, कारण लांबी थोडी बदलली तरी आतला ताण ती भरून काढतो. एक टोक भोकात फेविक्विकने बसवा, मिनिटभर थांबा, दुसरं टोक किंचित ताणून चिमट्याने धरा आणि चिकटवा. किंचित म्हणजे किंचित: धागा सरळ होईल त्याहून थोडा पुढे. नवी माणसं दुप्पट ओढतात. एका धाग्याचा जोर काहीच नाही, पण वीस धाग्यांचा मिळून पातळ पंख वाकवायला पुरतो. आणि विमान खिडकीच्या उन्हात ठेवू नका, वर्षांनी धागा पिवळा पडतो, मरतो.

*नायलॉन* मी वर बदनाम केला, तो सरसकट वाईट नाही. धारवाड ओलांडून पुढे कोरड्या भागात राहणाऱ्याचं त्यावर छान निभावेल. इथे वापरायचाच असेल तर पावसाळ्याच्या मधल्या दमट दिवसांत ओढा, अगदी हलका ताण ठेवून. मग तो फार तर घट्ट होईल, सैल होणार नाही. किंवा मासेमारीच्याच दुकानात फ्लुरोकार्बन दोरा मागा, तो ओलावा जवळजवळ घेत नाही. ०.१ मिलिमीटरच्या खाली मात्र सहसा मिळत नाही, म्हणून १/४८ आणि त्यापुढे. पतंगाचा नायलॉन मांजा कुणी सुचवला तर ऐकू नका. बंदी आहे, पक्षी मरतात, आणि वर लावलेल्या काचेच्या भुकटीने तो तसाही आपल्या कामाचा नाही.

*रेशीम.* शहापूर-वडगावचे विणकर शेजारी असले की हा विचार येणारच. मीही आणलं. धागा सुंदर, पण लव सुटते, आणि रेशीमही ओलावा घेतं. मेणातून ओढलं तर १/३२ वर पिळाच्या केबलसारखं बरं दिसतं. त्याहून लहान स्केलला नको.

*सितारीची तार.* मिरज जवळ आहे, तिथे तार हवी तेवढी. पोलादी, सरळ, आणि ०.२ मिलिमीटरच्या खाली जवळजवळ नाहीच. १/२४ च्या मोठ्या विमानाला किंवा चाकाच्या कण्याला वापरा. प्लॅस्टिक कापायच्या कटरने ती कापू नका. माझ्या कटरच्या धारेला अजून दात आहेत.

भोकं, गोंद आणि क्रम

तारेची सगळी भोकं पंख जोडायच्या आणि रंगवायच्या आधी. सुईने खूण करा, मग पिन व्हाइसमध्ये, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलच्या मुठीत, ०.३ मिलिमीटरचा ड्रिल लावून बोटांनी फिरवा, आरपार नको, अर्ध्यावर थांबा. हे ड्रिल नुसत्या बघण्याने तुटतात, तीन-चार एकदम घ्या. तार ज्या दिशेने जाणार तसा भोकालाही तिरका कल द्या, नाहीतर टोकाला कोपर दिसतं.

फेविक्विक ट्यूबमधून थेट कधीच नाही. बाटलीच्या झाकणावर एक थेंब घ्या, त्यात टाचणी बुडवा आणि टाचणीने लावा. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे जुलैत तो एप्रिलपेक्षा लवकर धरतो आणि जास्त झाला की आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी छटा येते. ती आली तर रंगाचा हलका हात मारावा लागतो, पुसून जात नाही. उघडलेली ट्यूब सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट डब्यात ठेवा.

टर्नबकल १/७२ ला विसरा. १/३२ ला दाखवायचे असतील तर औषधाच्या दुकानातून नवी ३० गेजची सुई घ्या: बाहेरून ०.३१ मिलिमीटर, आतून ०.१६. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे तुकडे करा आणि तारेत ओवा. या मापात ४० नंबरची तांब्याची तार आरामात जाते, ३६ ची जात नाही. वापरलेली सुई घरात कितीही पडलेली असली तरी हात लावू नका, आणि कापताना डोळ्यांवर चष्मा.

क्रम धडाकडून बाहेर. आधी मधल्या स्ट्रटच्या फुल्या, मग लँडिंग वायर, मग फ्लाइंग वायर, शेवटी शेपटीच्या कंट्रोलच्या. एक तार डावीकडे लावली की तिची जोडीदार उजवीकडे, मग पुढची. सगळं डावं आधी संपवलं तर लवचिक धाग्यानेही विमान एका बाजूला मान टाकतं. प्रत्येक जोडीनंतर विमान समोर धरा आणि वरचा-खालचा पंख समांतर आहे का ते एक डोळा मिटून बघा. फ्लाइंग वायर बऱ्याच विमानांवर दुहेरी असतात. १/७२ मध्ये एकच ओढलीत तरी चालेल, मी एकच ओढतो.

एकाच विमानावर दोन प्रकार मिसळायला हरकत नाही. माझ्या सध्याच्या टायगर मॉथवर पंखांच्या तारा लायक्राच्या आहेत, कारण हात तिथेच लागतो. चाकाच्या पायांतल्या आणि शेपटीच्या आखूड तारा स्प्रूच्या, कारण एवढ्या आखूड अंतरात धागा ताणत बसायचा कंटाळा येतो. तीन पावसाळे झाले. शेपटीची एक तुटली, ती मांजराने.

धूळ झटकायला मऊ कोरडा ब्रश, तारेच्या लांबीच्या दिशेने, आडवा नाही. पावसाळ्यात कोळी आपली स्वतःची रिगिंग जोडून जातो, ती ओल्या टूथपिकवर गुंडाळून काढा. आणि उरलेली प्रत्येक तार कुंद्याच्या रिकाम्या डब्यात टाकताना चिठ्ठीवर नंबर आणि जाडी लिहा, कारण ४२ आणि ४४ नंबर चार महिन्यांनी एकसारखेच दिसतात.